काचेवर टकटक करण्याआधी

लेक्चर बुडवून कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात तुम्ही गेला असालच. वाघापाशी दहा मिनिटं, तिथेच शिट्ट्या, एक रील, बाहेर येऊन कणीस. झालं झू!

‘प्राणी कोंडून कसलं शिक्षण?’ असंही तुमच्यातले काही विचारतात. प्रश्न रास्त आहे. पेशवे पार्कातले छोटे पिंजरे आठवत असतील तर आईबाबांना विचारा. तिथले प्राणी नंतर कात्रजच्या १३० एकरांत आले, तरी बंदिवास तो बंदिवासच. पण दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेले रेड पांडा सिंगालीलाच्या जंगलात सोडले गेलेत, हेही खरंच. त्यामुळे सरसकट ‘झू बंद करा’ आम्हाला पटत नाही. झू कशासाठी, हे मात्र विचारत राहायला हवं.

कात्रजपुरतं उत्तर सर्पोद्यानात सापडतं. १९८६ साली नीलिमकुमार खैरे यांनी ते सुरू केलं, प्राणिसंग्रहालय त्यानंतरचं. वाघ तुमच्या होस्टेलवर येणार नाही, साप येऊ शकतो. आणि मग काठी घेऊन धावणाऱ्यांत आपण शिकलेलेच पुढे! नाग समजून मारली जाते ती बऱ्याचदा बिनविषारी, उंदीर खाणारी धामण. मण्यार म्हणून बिचारा कवड्या मरतो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट. मण्यारचं नेमकं उलट. हा फरक काचेमागे, निवांत उभं राहूनच शिकावा. खोलीत साप निघाला तर पट्टे मोजत बसू नका, लांब व्हा आणि सर्पमित्राला बोलवा. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश फारसा दुखतही नाही, म्हणून जमिनीवर झोपणाऱ्याला तो कळतच नाही. गावाकडच्या घरी एवढं सांगितलंत तरी तिकिटाचे पैसे वसूल.

आणि हो, ती काचेवरची टकटक. सापाला बाहेरून दिसणारे कान नसतात, पण हादरा त्याला चांगलाच जाणवतो. दिवसभरात शंभर जणांनी टकटक केली तर त्याने जायचं कुठे? प्राण्यांना डिवचणं, खायला घालणं, गोंगाट करणं याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३८-जे मनाई करतं. ग्रुपमधला कुणी वेफर्सचं पाकीट पुढे करत असेल तर त्याचा हात धरा. तो चिडेल, चिडू द्या.

पुढच्या वेळी सर्पोद्यानापासून सुरुवात करा. फक्त बुधवारी जाऊ नका, बंद असतं.