अळणी गणित

रक्तदाब वाढल्यापासून माझे ताट अळणी झाले आहे. त्यामुळे मिठाचा विषय निघाला की मी जरा हळवा होतो. परवा पुतणी सुट्टीवर आली ती तोंड पाडूनच.

"काका, आठ दिवसांचं काम वाया गेलं. गणितात मीठ घालायला विसरले!"

मराठीच्या मास्तराला यातले काय कळणार? पण तिने समजावले ते असे. डीएनएच्या दुपदरी गोफावर ऋण विद्युत्‌भार असतो. त्याला चिकटणारी औषधे शोधताना संगणकावर रेणूंची प्रतिकृती मांडतात आणि पाण्यात शिरल्याने त्यांची विद्युत-ऊर्जा किती बदलते ते मोजतात. पाणी मोठे समंजस! दोन भारांमधली ओढ ते जवळजवळ ऐंशी पटींनी मवाळ करते. पण शरीरातले पाणी खारे. मिठाचे धन कण ऋण भाराभोवती गोळा होतात आणि त्याची हाक दूरवर पोचू देत नाहीत. ती कुठवर पोचते याचे सूत्र डिबाय आणि ह्यूकेल यांनी १९२३ मध्ये मांडले. सलाईनच्या बाटलीत लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असते; तेवढ्या खारटपणात हे अंतर सुमारे ८ आंगस्ट्रॉम, म्हणजे गोफाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. मीठ चौपट केले की अंतर निम्मे.

"पण ऊर्जेत फरक कितीसा पडतो?"

"सोडियमचा एकटा कण घ्या. पाण्यात शिरताना मोलमागे सुमारे १०० किलोकॅलरी सुटतात. मिठाची भर अर्ध्या किलोकॅलरीहूनही कमी."

"मग एवढ्यासाठी रडतेस?"

"तो एकटा आहे, काका! गोफाच्या दर पायरीला दोन ऋण भार, आणि पायऱ्या ३.४ आंगस्ट्रॉमवर."

म्हणजे आमच्या जुन्या चाळीसारखी दाटी. मीठ फारच कमी असेल तर दोन पदर एकमेकांना लोटून सुटेही होतात. तिच्या अळणी गणितात जास्त धन भाराची औषधे डीएनएला वाजवीपेक्षा घट्ट बिलगली आणि यादीत वर जाऊन बसली. त्या यादीवरून प्रयोगशाळेतली तिची मैत्रीण पुढचे कित्येक महिने राबणार होती.

डिबाय-ह्यूकेलचे सूत्रही विरळ वस्तीपुरतेच. इथे पॉइसन-बोल्ट्झमन समीकरण पुरते सोडवावे लागते, आणि त्यातही मिठाच्या कणांना आकारच नाही असे धरतात. दुहेरी भाराचे मॅग्नेशियम आले की तिथेही पंचाईत.

गणित तिने पुन्हा लावले आहे. उत्तर यायला भाऊबीज उजाडेल म्हणते.