बसवणी जोडली की सवलत गेली

या महिन्यात नागपूरच्या इंदोरा-जरीपटका पट्ट्यातल्या आपल्या अनुसूचित जाती-जमातींच्या फॅब्रिकेशनवाल्यांच्या पत्रांत तक्रार एकच आहे. लोखंडी जाळ्या नुसत्या पुरवायच्या असतील तर ती मालखरेदी. अनामत रक्कम (इएमडी) माफ, निविदेचा संच फुकट. त्याच जाळ्या खिडकीत बसवून वेल्डिंगचे चार टाके मारायचे म्हटले, की तो 'वर्क कॉन्ट्रॅक्ट' होतो आणि सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या 2012 च्या केंद्रीय खरेदी धोरणाची सवलत गेलीच. एका कार्यालयाने तर जाळ्या, वाहतूक, बसवणी, रंग असे सगळे एकाच निविदेत गुंडाळले. विचारायला गेलेल्या सभासदाला उत्तर मिळाले, "वर्क्स धोरणात येत नाही, एमएसएमई मंत्रालयाचाच खुलासा आहे." खुलासा आहे, कबूल. पण किमतीत माल किती आणि मजुरी किती, हे पाहून निविदा वेगळ्या काढायला साहेबांना कोणी मनाई केली आहे?

खरी मेख पुढे आहे. 1 एप्रिल 2019 पासून केंद्रीय खाती व उपक्रमांनी 25 टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची, त्यातली 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. पण ते निविदेत उतरले नाहीत, किंवा अटींत आणि सर्वांत कमी (एल-वन) दरात बसले नाहीत, तर हे 4 टक्के इतर लघुउद्योगांकडून भरून काढायची मुभा आदेशातच आहे. आपण बाहेर राहिलो तरी साहेबांचा तक्ता भरलेलाच! कर्नाटकाने 2017 मध्ये 50 लाखांपर्यंतच्या सरकारी बांधकामांतच अनुसूचित जाती-जमातींच्या ठेकेदारांसाठी आरक्षण ठेवले. म्हणजे वर्क्समध्ये ते बसत नाही, हे म्हणणे टिकत नाही.

आपली मंडळीही कमी नाहीत. 51 टक्के भागीदारी कागदावर, चेकबुक मात्र दुसऱ्याच्या खिशात. हा नाव भाड्याने द्यायचा धंदा आधी बंद करा. त्याने खऱ्या कारखानदाराचा घास जातो. 'उद्यम' नोंदणीतला प्रवर्गाचा रकाना कित्येकांनी अजून दुरुस्त केलेला नाही. त्याला एक पैसा लागत नाही. निविदापूर्व (प्री-बिड) बैठकीला खुर्च्या रिकाम्या आणि निविदा उघडल्यावर आरडाओरडा, हे किती दिवस चालायचे?

वेस्टर्न कोलफील्ड्स (वेकोलि) आणि मॉइल या केंद्रीय उपक्रमांची मुख्यालये याच शहरात आहेत. त्यांच्या पुढच्या प्री-बिडला जा, पुरवठा आणि बसवणी वेगळी का काढली नाही हे लेखी विचारा, पोच घ्या. पोचेची प्रत 20 तारखेच्या आत आमच्याकडे पाठवा. उत्तर आले नाही तर तेही कळवा, आम्ही ते कार्यालयाच्या नावासह छापू.