सत्कार्य आणि शेअरचा भाव

आपला पैसा चांगल्या कामी लागावा आणि चांगल्या कामी लागूनही तो वाढावा, ही इच्छा मुळीच निंद्य नाही. शेअर बाजार म्हणजे सट्टा, अशी समजूत असलेल्या घरांतील मुलेही आज गुंतवणुकीविषयी बोलू लागली आहेत. देशातील डीमॅट खात्यांची संख्या २०२२ मध्ये दहा कोटींच्या पुढे गेली. त्यांत आपल्यासारख्या महाविद्यालयीन तरुणांची खातीही थोडी नसावीत. या नव्या गुंतवणूकदारांपैकी पुष्कळांना नुसता नफा पुरेसा वाटत नाही. ज्या उद्योगाने नद्या स्वच्छ होतील, कचरा कमी होईल, अशा उद्योगाचे आपण भागीदार आहोत, हे समाधान त्यांना हवे असते. या समाधानाची किंमत किती आणि ती कोण मोजतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तो एका उदाहरणाच्या आधारे करावा, असा माझा हेतू आहे.

उदाहरण आहे जैविक प्लॅस्टिकचे. नेहमीचे प्लॅस्टिक खनिज तेल व वायू यांपासून तयार होते आणि टाकून दिले तर पिढ्यान् पिढ्या कुजत नाही. परंतु निसर्गात काही जिवाणू असे आहेत की, खायला भरपूर पण इतर पोषणद्रव्ये अपुरी अशी स्थिती आली की ते आपल्या शरीरात एक पदार्थ साठवून ठेवतात. माणसाच्या अंगात चरबी साठते, तसाच हा प्रकार. १९२६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील मोरिस लमॉन्य या शास्त्रज्ञाने हा पदार्थ ओळखला. तो तापवला की वितळतो, साच्यात घालता येतो, आणि मातीत पुरला की दुसरे जिवाणूच त्याचा फडशा पाडतात. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने तो ‘बायोपॉल’ या नावाने बाजारात आणला. १९९० मध्ये जर्मनीत त्याच्या बाटलीतून शांपू विकला गेला. पुढे हा व्यवसाय मोन्सँटो कंपनीकडे आला आणि तिनेही तो सोडून दिला. शास्त्र खरे होते. तरीही बलाढ्य कंपन्यांनी हात टेकले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

याच सुमारास अमेरिकेत एक छोटी कंपनी या पदार्थाच्या मागे लागली होती. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे, एमआयटी या विख्यात संस्थेतील संशोधनातून, १९९२ मध्ये ‘मेटाबोलिक्स’चा जन्म झाला. २००१ मध्ये तिने मोन्सँटोकडून बायोपॉलचे हक्क विकत घेतले. २००६ हे तिचे सुगीचे वर्ष म्हटले पाहिजे. त्या वर्षी आर्चर डॅनियल्स मिडलंड या धान्यव्यवसायातील अवाढव्य कंपनीशी तिची भागीदारी झाली, आणि नोव्हेंबरमध्ये तिचे शेअर १४ डॉलर भावाने लोकांना देऊ करण्यात आले. आयोवा राज्यातील क्लिंटन या गावी, मक्याच्या साखरेवर जिवाणू पोसून वर्षाला ५०,००० टन प्लॅस्टिक काढणारा कारखाना उभा राहणार होता.

अशा कंपनीचे छोटे गुंतवणूकदार आपसात जो वाद घालतात, तो मोठा बोधप्रद असतो. आशावादी पक्षाचे म्हणणे पाहा. तेल आज ना उद्या महागणारच. (२००८ च्या जुलैत ते पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढले, तेव्हा तर या पक्षाला उधाण येणे साहजिकच होते.) सॅन फ्रान्सिस्कोने २००७ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, इतर शहरे त्याच वाटेने जाणार. कंपनीजवळ पेटंटे आहेत, आणि कारखान्याचा खर्च बलाढ्य भागीदार करतो आहे. शिवाय गिऱ्हाइकेही येऊ लागली आहेत: टार्गेट या दुकानांच्या साखळीने भेटकार्डे या प्लॅस्टिकची केली; पेपरमेट कंपनीने २०१० मध्ये त्याचे पेन काढले, लिहून झाले की त्याचे भाग मातीत पुरावेत अशा बेताने. मग शंका कशाची?

संशयवादी पक्षाचे उत्तर तितकेच सरळ असते. हे प्लॅस्टिक साध्या प्लॅस्टिकच्या दुपटीहून महाग आहे. एक किलो माल काढण्यास अडीच-तीन किलो साखर लागते, म्हणजे निम्म्याहून अधिक कच्चा माल जिवाणूंच्या जगण्यातच खर्ची पडतो. तेल महागले की मक्यापासून इंधन करणारे मका उचलतात आणि मकाही महागतो. तेव्हा तेलाची महागाई हा निखळ फायदा नव्हे. प्रयोगशाळेतील भांडे आणि हजारो टनांचा कारखाना यांत महदंतर असते. आणि ज्या भागीदाराच्या खांद्यावर आपण बसलो आहोत, तो उठून गेला तर?

आमच्या अर्थशास्त्राच्या वर्गात या विषयावर चर्चा झाली, तेव्हा वर्गाचे असेच दोन तट पडले. मला विशेष वाटले ते याचे की, आशावादी मित्रांना संशयवाद्यांचा राग येत होता. जणू कारखान्याच्या खर्चाविषयी शंका घेणारा मनुष्य नदीचा शत्रूच! माझ्या मते या वादातील खरे दुखणे येथे आहे. हिशेबाच्या प्रश्नाला आपण निष्ठेचा प्रश्न करून टाकतो.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. कारखाना २०१० मध्ये सुरू झाला. जानेवारी २०१२ मध्ये भागीदाराने अंग काढून घेतले. भांडवली व उत्पादनखर्च किती होईल याची शाश्वती नाही, आणि बाजार हा माल फार सावकाश स्वीकारतो आहे, असे कारण त्याने दिले आणि सुमारे ३४ कोटी डॉलर बुडीत खाती टाकले. त्या महाकाय कंपनीने तो घाव पचवला. मेटाबोलिक्सजवळ मात्र कारखानाच उरला नाही. २०१५ मध्ये तिला सहा शेअरांचा एक शेअर करावा लागला. २०१६ मध्ये तिने आपला प्लॅस्टिकचा व्यवसाय एका कोटी डॉलरांना सीजे या कोरियन कंपनीस विकला. २०१७ मध्ये ‘यील्ड१०’ असे नाव घेऊन ती तेलबियांच्या संशोधनाकडे वळली. २०२० मध्ये चाळीस शेअरांचा एक झाला. आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज दिला. शेअर एकत्र केल्याने संपत्ती घटत नाही, हे खरे. पण भाव फार खाली गेल्याखेरीज कोणी ते करीत नाही. एवढ्या दोन प्रसंगांचा गुणाकार केला, तरी २४० शेअरांच्या धन्याजवळ एक शेअर उरतो.

आता याची दुसरी बाजू पाहू. ज्या कोरियन कंपनीने तो व्यवसाय एका कोटी डॉलरांना घेतला, तिने २०२२ मध्ये इंडोनेशियातील पासुरुआन येथे ५,००० टनांचा कारखाना सुरू केला. म्हणजे आशावाद्यांचे शास्त्रही खरे ठरले आणि संशयवाद्यांचा हिशेबही खरा ठरला. झाड जगले, ते लावणाऱ्यांच्या हाती मात्र फळ आले नाही.

हे एकाच कंपनीचे दुर्दैव असे कोणी म्हणेल, म्हणून दुसरा दाखला देतो. जॉर्जिया राज्यातील ‘डॅनिमर सायंटिफिक’ ही कंपनी कॅनोलाच्या तेलापासून याच कुळातील प्लॅस्टिक करीत असे. तिचे शेअर डिसेंबर २०२० च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या बाजारात आले, फेब्रुवारी २०२१ मध्ये ६० डॉलरांच्या वर गेले, आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरी पुकारली. पहिल्या कंपनीची कहाणी जगापुढे असताना दुसरीच्या वेळी लोकांनी तीच धाव घेतली! ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही आपली म्हण न्यूयॉर्कलाही लागू पडते असे दिसते.

असे का होते? माझ्या मते, चार निरनिराळे प्रश्न एकाच प्रश्नात कोंबल्यामुळे होते. ही वस्तू जगाच्या हिताची आहे काय, हा पहिला प्रश्न. ती करण्याचे शास्त्र पक्के आहे काय, हा दुसरा. ही विशिष्ट कंपनी ती नफ्यात विकू शकेल काय, हा तिसरा. आणि आज मागितला जाणारा शेअरचा भाव त्या नफ्याच्या मानाने रास्त आहे काय, हा चौथा. पहिल्या दोहोंना ‘होय’ म्हटले की पुढच्या दोहोंना आपोआप ‘होय’ येते, असे आपण धरून चालतो. आमच्या गल्लीतील एका निवृत्त शिक्षकांनी अशाच एका कंपनीविषयी मला विचारले, “हे प्लॅस्टिक चांगलं आहे ना रे? मग घ्यायला काय हरकत आहे?” त्यांच्या ‘मग’ या एका शब्दात सारा घोटाळा सामावला आहे. तो शब्द आयुष्यभराची पुंजी खाऊ शकतो.

आणखी एक विसंगती मला खटकते. कुजणारा पेन दुकानात महाग मिळतो म्हणून आपण तो घेत नाही. पण तोच पेन लाखो लोक घेतील अशा भरवशावर त्या कंपनीचा शेअर मात्र घेतो. त्याग शेजाऱ्याने करावा आणि लाभांश आपल्याला मिळावा, असा हा व्यवहार झाला. आपण स्वतः ज्या वस्तूला दुप्पट दाम मोजायला तयार नाही, तिला जग मोजील असे समजण्यास आधार कोणता?

मग जैविक प्लॅस्टिकला भवितव्यच नाही काय? तसे मी म्हणत नाही. इटलीकडे पाहावे. तेथे १ जानेवारी २०११ पासून साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि कुजणाऱ्या पिशव्यांना मुभा मिळाली. मिलान शहराने २०१२ पासून घरोघरचा ओला कचरा वेगळा गोळा करण्यास आरंभ केला. तोही अशाच पिशव्यांतून जातो. तेथील नोव्हामाँत ही कंपनी या मालावर वाढली. कायदा झाला, पिशवी कुजवण्याची सोय झाली, तेव्हा बाजार निर्माण झाला. दुकानदाराला दुसरा स्वस्त पर्यायच उरला नाही, म्हणून महाग वस्तू चालली. भागधारकांच्या उत्साहाला हे काम साधणारे नव्हते.

हा प्रश्न आता आपल्या दाराशी आला आहे. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरी येथे जैविक प्लॅस्टिकचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू केले. उत्तर प्रदेशात बलरामपूर चिनी मिल्सने त्याच वर्षी कुंभी येथे उसाच्या साखरेपासून अशा प्लॅस्टिकचा कारखाना काढण्याची घोषणा केली. उसाचा प्रदेश म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात या गोष्टीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे, आणि या प्रयत्नांना यश यावे असे मलाही मनापासून वाटते. परंतु साखरेपासून होणारे हे पॉलिलॅक्टिक आम्लाचे प्लॅस्टिक उकिरड्यावर पडले तर लवकर कुजत नाही. त्याला साठ अंशांच्या आसपास उष्णता राखणारा खतप्रकल्प लागतो. आपल्या राज्यात प्लॅस्टिकबंदी २०१८ मध्ये आली, देशात एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून बंदी आली. तरीही भाजी मंडईत पातळ पिशवी मिळते की नाही, हे वाचकांनी स्वतःच्या हाताकडे पाहून सांगावे. कायदा कागदावर आणि खतप्रकल्प कल्पनेत असेल, तर कुजणाऱ्या पिशवीला गिऱ्हाईक कोठून मिळणार?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सगळेच असे हिशेबी झाले तर नवे काही जन्मालाच येणार नाही! धोका पत्करणारे हवेत, हे मला मान्य आहे. पण धोका पत्करायचा कोणी? ज्याला बुडीत खाती ३४ कोटी डॉलर टाकूनही दुसऱ्या दिवशी धान्य विकता येते त्याने. ज्या सरकारला स्वच्छ नदीचा लाभ साऱ्या प्रजेसाठी हवा आहे त्याने. नदी स्वच्छ झाली तर ती सर्वांसाठी होते; मग ती स्वच्छ करण्याचा जुगार निवृत्त शिक्षकाच्या भविष्यनिर्वाह निधीने का खेळावा? ज्याला खेळायचाच असेल त्याने बुडाली तरी चूल विझणार नाही एवढीच रक्कम लावावी, आणि ती देणगी समजून लावावी. परत आली तर आनंद मानावा.

सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी ती उरात खुपसून घेत नाही. वस्तू चांगली असणे हे तिला पाठिंबा देण्यास पुरेसे कारण आहे. तिचा शेअर घेण्यास ते पुरेसे नाही. पाठिंबा देण्याचे मार्ग आपल्याजवळ आहेत. घरातील ओला कचरा वेगळा ठेवणे, मंडईत कापडी पिशवी नेणे, नगरपालिकेकडे खतप्रकल्पाचा आग्रह धरणे, या गोष्टींना दलाली पडत नाही. आपल्या महाविद्यालयाच्या उपाहारगृहामागे रोज जो ढीग साचतो, त्याचे वर्गीकरण करण्यापासून आरंभ झाला, तरी कुजणाऱ्या पिशवीला उद्या जागा मिळेल. आणि ज्या मित्रांना शेअरही घ्यायचा आहे, त्यांनी तो अवश्य घ्यावा; फक्त पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर वही मिटू नये, पुढच्या दोन प्रश्नांसाठी तिचे पान कोरे ठेवावे.

— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)