पेंगणारा मोग्गल्लान

करकंबला रात्रभर उसाला पाणी देऊन सकाळच्या पहिल्या तासाला पेंगणाऱ्या एका विद्यार्थ्याला आम्ही एकदा भर वर्गात ‘आळशी’ म्हटले. खरे कारण नंतर कळले आणि आम्ही ओशाळलो. पण टोचणी वेगळीच होती. आमच्या कपाटात पीएच.डी.चा प्रबंध कित्येक वर्षे अर्धवट पडून आहे. त्याला जागरणाची सबब नाही. तो निखळ आळस आहे. त्या मुलावर निघालेला राग मुळात स्वतःवरचाच होता.

‘दासबोधा’पासून शाळेच्या फळ्यावरील सुविचारापर्यंत आळशी माणसाने आपल्याकडे बोलणीच खाल्ली आहेत. बौद्ध परंपराही आळसाचे कौतुक करीत नाही. थीनमिद्ध, म्हणजे चित्ताची जडता आणि सुस्ती, हे तिने पाच नीवरणांपैकी एक मानले आहे. अंगुत्तरनिकायात आळसाची आठ निमित्ते सांगितली आहेत. काम करायचे आहे म्हणून आळशी भिक्षू आडवा होतो आणि काम झाले म्हणूनही आडवा होतो. भिक्षा कमी मिळाली तरी तेच, पोटभर मिळाली तरी तेच. वाचताना आम्हांस आमचीच दिनचर्या आठवली.

त्याच निकायात मोग्गल्लानाची हकिकत येते. बुद्धाचा हा अग्रश्रावक बसल्या जागी पेंगत असतो. पेंगतोस काय, असे बुद्ध विचारतो. तो होय म्हणतो. मग बुद्ध उपाय सांगतो: ऐकलेल्या धम्माचे चिंतन कर, कान ओढ, डोळ्यांना पाणी लाव, तारे पाहा, चंक्रमण कर. एवढ्यानेही पेंग गेली नाही, तर उठण्याचे मनाशी ठरवून, स्मृती राखून, उजव्या कुशीवर नीज. या उपायांत धिक्काराचा एक शब्दही नाही.

आत्मकरुणा म्हणजे आमच्या मते मोग्गल्लानाचे ते ‘होय’. त्यात सबब नाही आणि स्वतःला फटके मारणेही नाही. करुणेने आळस शेफारतो, असा आक्षेप कोणी घेईल. आमचा अनुभव उलट आहे. कपाट इतकी वर्षे बंद राहिले ते आळसामुळे कमी, लाजेमुळे अधिक. आळशी आहोत हे शांतपणे कबूल केले, त्या दिवशी ते उघडले. दोन पाने वाचली आणि झोपलो. प्रबंध पुरा होईलच, असे नाही.

वर्गात मात्र एक बदल झाला आहे. कोणी पेंगताना दिसला, की आम्ही आधी विचारतो.