‘उडान’च्या निविदेत पगाराची अट हवी

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री



२७ एप्रिल २०१७ रोजी लहान शहरांना हवाई मार्गाने जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेची पहिली विमाने निघाली, तेव्हा शिमला-दिल्लीच्या जोडीला नांदेड-हैदराबादही होते. पुढे जळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग ही नावे हवाई नकाशावर आली. ही योजना टिकावी असेच मला वाटते. पण तिच्या हिशेबातून एक गोष्ट निसटली आहे: ही विमाने चालवणाऱ्या नवख्या सहवैमानिकांचा आणि केबिन क्रूचा सुरुवातीचा पगार. मार्गासाठी बोली लागते आणि जी कंपनी सरकारकडे सर्वात कमी तूटभरपाई मागते तिला तो मिळतो. इंधनाचा दर कंपनीच्या हातात नसतो, विमानाचे भाडे डॉलरमध्ये ठरलेले असते, देखभालीत हात आखडायला नियम आडवे येतात. राहतो पगार, आणि त्यातही नवख्यांचा, कारण घासाघीस करण्याची ताकद त्यांच्यातच सर्वात कमी. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण, त्यावर टाइप रेटिंग म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता, या सगळ्यापायी कर्जात बुडालेला तरुण पहिली नोकरी मिळेल त्या पगारावर धरतो. तास वाढल्याशिवाय त्याला पुढचे दार उघडत नाही.

याचा प्रवाशाशी काय संबंध, याचे उत्तर अमेरिकेने महागात शोधले. १२ फेब्रुवारी २००९च्या रात्री कोलगन एअरचे नेवार्कहून निघालेले क्यू-४०० विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळले. विमानातले सर्व ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. चौकशीच्या सुनावणीत सहवैमानिक तरुणीचा पगार वर्षाला सुमारे १६ हजार डॉलर असल्याचे पुढे आले. कंपनीने नंतर याहून मोठा आकडा सांगितला. ती सिएटलजवळ आई-वडिलांकडे राहत होती. रात्रभर मालवाहू विमानांतून देश ओलांडून ती नेवार्कला कामावर पोहोचली होती, आणि तिथे तिची राहण्याची सोय नव्हती. तपास यंत्रणेने अपघाताचे कारण म्हणून पगाराचे नाव घेतले नाही, हे मान्यच करायला हवे. कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हे कारण ठरले. मात्र थकव्याचा दोघांच्याही कामावर परिणाम झाला असावा, किती ते ठरवता येत नाही, असेही त्याच अहवालात आहे. आपल्या नियमांत विश्रांतीचे तास मोजलेले आहेत. पण ती विश्रांती कुठे घ्यायची, नोकरीच्या शहरात खोली परवडते का, हे पगारच ठरवतो.

बाजार हे आपोआप दुरुस्त करील, असे म्हटले जाते. अमेरिकेत त्याने अर्धेच काम केले. अपघातानंतरच्या कायद्यामुळे सहवैमानिकालाही साधारण १,५०० तासांचा अनुभव लागू लागला, वैमानिक कमी पडू लागले, आणि २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या प्रादेशिक उपकंपन्यांना नव्या सहवैमानिकाला तासाला ९० डॉलर द्यावे लागले. केबिन क्रूला अशा टंचाईचा आधार नव्हता. प्रवासी चढत असतानाच्या वेळेचा मोबदला डेल्टाने २०२२ मध्ये सुरू केला, तोही निम्म्या दराने. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाचे दहा हजारांहून अधिक केबिन कर्मचारी जमिनीवरच्या बिनपगारी कामाविरोधात संपावर गेले. धूर झाला तर नव्वद सेकंदांत विमान रिकामे करण्याचे प्रशिक्षण ज्यांना दिले जाते, त्यांचे काम दार बंद झाल्यावर सुरू होते हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

पगार हा मालक आणि नोकर यांच्यातला खासगी करार आहे, सरकारने त्यात पडू नये, हा आक्षेप आपल्याकडे टिकत नाही. २०१७ मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाने कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस बंधनकारक केली. नोकरी सोडण्याची अट सरकार घालू शकते, तर नोकरीत घेताना किमान काय द्यावे हेही सांगू शकते. तूटभरपाई देऊन सेवा विकत घेतली जाते तिथे तर नक्कीच. दुसरा आक्षेप तिकिटाचा. ढोबळ हिशेब मांडून पाहू. सत्तर आसनी एटीआरमध्ये सरासरी पन्नास प्रवासी धरा, महिन्याला सत्तर तास उड्डाण धरा. सहवैमानिकाला तीस हजार आणि दोन केबिन क्रूंना दहा-दहा हजार जास्त दिले, तर तासाभराच्या प्रवासामागे प्रवाशाला सुमारे पंधरा रुपये पडतात.

म्हणून विनंती अशी, की ‘उडान’च्या पुढच्या फेरीत सहवैमानिक आणि केबिन क्रूचा किमान सुरुवातीचा पगार निविदेतच ठरलेला असावा, त्यावर बोली लागू नये. रोस्टरवर हजर झाल्यापासूनचा वेळ त्यात धरावा, आणि तूटभरपाईचा प्रत्येक हप्ता देण्यापूर्वी कंपनीकडून पगारपत्रक मागवावे.

आपला,
एक नागरिक