जखम पायाची, उशीर कुणाचा?

केळीच्या बागांत कामासाठी रावेर तालुक्यात सातपुड्यातून पावरा, बारेला, भिल्ल कुटुंबे येतात. बऱ्हाणपूर, खरगोनकडूनही येतात. बांधालगत मेणकापडाची झोपडी, चिखलात अनवाणी पाय, हातात विळा. काटा रुतणे, विळा निसटणे रोजचेच. एखादी जखम मात्र चिघळते, पाय पोटरीपर्यंत सुजतो आणि चार-पाच दिवसांनी माणूस ग्लानीत रुग्णालयात येतो. केसपेपरवर शेरा पडतो : ‘उशिरा दाखल’.

शेरा खरा असतो, पण अपुरा. ते चार दिवस रुग्णाच्या तोंडून ऐकले तर वेगळेच कळते. जखम लहान होती, मजुरी बुडवणे परवडणारे नव्हते. तंबाखू दाबून भरली. ताप आला, तो जखमेमुळे असेल असे कुणाला वाटले नाही, बडव्याला विचारले. मग मुकादमाची परवानगी, गाडीची शोधाशोध, आणि ‘पाय कापतील’ ही भीती. यातला कोणताही निर्णय वेडेपणाचा नाही.

जंतू मात्र थांबत नाहीत. संसर्गाला शरीराने दिलेली प्रतिक्रियाच बेताल होऊन मूत्रपिंड, फुप्फुसे, मेंदू निकामी होऊ लागतात, त्याला सेप्सिस म्हणतात. २०१७ मध्ये जगात अंदाजे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख दगावले. सेप्सिसमध्ये उपचाराला लागलेला प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.

आर्थर क्लाइनमन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९७८ मध्येच डॉक्टरांना सुचवले होते की, रुग्णाला त्याच्या आजाराचा अर्थ विचारा. ‘हे कशाने झाले असे वाटते? सगळ्यात भीती कशाची वाटते?’ हे प्रश्न आपल्या ओपीडीत दोन मिनिटांत विचारता येतात. फक्त ते पावरी-बारेलीत विचारणारे कुणीतरी हवे. मुकादमाला दुभाषा करू नये. त्याच्यासमोर मजूर मजुरीबद्दल आणि भीतीबद्दल मोकळेपणाने बोलत नाही. त्याच समाजातली आशाताई किंवा परिचारिका हे काम चांगले करते. बडव्याला हिणवण्यापेक्षा ‘सूज वर चढली की आमच्याकडे पाठवा’ एवढे त्याला पटवणे अधिक उपयोगी.

बागाईतदारांनीही दोन गोष्टी कराव्यात. मजुरांना गमबूट द्यावेत आणि जखम झालेल्याचा त्या दिवसाचा रोज कापू नये. जखम साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवावी, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. लाली पसरू लागली, जखमेच्या मानाने वेदना फार वाढल्या किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. धाप, असंबद्ध बोलणे, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे यांपैकी काहीही दिसले तर लगेच १०८ ला फोन करावा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. हे झोपडीपर्यंत, झोपडीतल्या भाषेत पोहोचले पाहिजे. तोवर उशिराचा शेरा एकट्या रुग्णाच्या नावावर टाकता येणार नाही.