मेंदूतल्या चरबीचं इंजेक्शन

मणक्याला मार लागून तरणाताठा माणूस अंथरुणाला खिळला की घरचे वाटेल तो खर्च करायला तयार होतात. ‘नसा वाढवणारं औषध’ म्हणून जीएम-१ इंजेक्शनचं नाव त्यांच्या कानावर येतं ते नेमकं अशा वेळी.

कल्पना थापेबाजीची नाही. मज्जातंतू टोकाकडून वाढतो. काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भात ते वाढतं टोक पाहिलं. हातापायातला तुटलेला तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर पुढे सरकतो. कोपराजवळ कापला तर बोटांपर्यंत पोचायला वर्षही लागतं. या वाटचालीत सतत नवं पेशीपटल लागतं, आणि पटलाचा मुख्य माल म्हणजे लिपिड, साध्या भाषेत चरबी. काही लिपिड पेशी स्वतः तयार करते, काही तुटक्या मायलिनच्या, म्हणजे तंतूभोवतीच्या वेष्टणाच्या, ढिगाऱ्यातून वेचलं जातं. शरीर मोठं काटकसरी.

जीएम-१ हे यातलंच एक लिपिड, गँग्लिओसाइड कुळातलं. प्रयोगशाळेत ते घातलं की मज्जापेशींना जोमाने फांद्या फुटत. मग काय, इटलीत गाईच्या मेंदूतून गँग्लिओसाइड काढून इंजेक्शनं विकली गेली. पुढे काही रुग्णांना गिलाँ-बारे, म्हणजे मज्जातंतूंवर शरीरानेच हल्ला करण्याचा आजार, झाल्याच्या नोंदी आल्या आणि १९९३ मध्ये तिथे विक्री थांबली.

मज्जारज्जूच्या दुखापतीवर मात्र आशा टिकून होती. १९९१ च्या अमेरिकी चाचणीत निकाल चांगला आला, पण रुग्ण होते अवघे ३४. साडेसातशेहून अधिक रुग्णांची मोठी चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. सुधारणा थोडी लवकर दिसली, पण ठरवलेल्या मुख्य कसोटीवर औषध उतरलं नाही.

याचं फार नवल वाटायला नको. याच कुळातली जीडी१ए आणि जीटी१बी ही लिपिडं मायलिनमधल्या एका प्रथिनाला चिकटतात, आणि तंतूची वाढ थांबते. कुठलं लिपिड, कुठे आणि कोणाच्या शेजारी, यावर सगळं ठरतं. नुसता माल ओतून तंतू वाढत नाही.

म्हणून कोणी हे इंजेक्शन सुचवलं, तर ते कोणत्या चाचणीच्या आधारावर, हे डॉक्टरांना जरूर विचारा. हाताशी पैसा मोजकाच असेल तर तो आधी फिजिओथेरपीवर, अंथरुणातल्या जखमा टाळणाऱ्या गादीवर आणि लघवीच्या नळीच्या निगेवर खर्च करा.